मूत्राशयाचा कर्करोग त्वचेत पसरतो तेव्हा : पार्श्वभूमी

मूत्राशयाचा कर्करोग पसरू लागला की तो बहुधा लसीका ग्रंथी, फुप्फुसे, यकृत आणि हाडे गाठतो. त्वचेत तो शंभरात जेमतेम एखाद्या रुग्णाला होतो. त्यामुळे या विषयाचा इतिहास मुख्यतः सुट्या रुग्णनोंदींचा आहे, आणि त्या जोडून काढलेल्या टक्केवारीवर फार विसंबता येत नाही.

खरा वाद आहे तो शस्त्रक्रियेच्या जागी उगवलेल्या गाठींचा. कर्करोगाच्या पेशी रक्तातून किंवा लसीकावाहिन्यांतून त्वचेत पोचतात. पण ओटीपोटातून मूत्राशयात नळी घालताना त्या जखमेत सांडूनही तिथेच रुजू शकतात, म्हणूनच कर्करोगाचा संशय असेल तर अशी नळी टाळण्याचा दंडक आहे. १९९०च्या दशकात दुर्बिणीतून मूत्राशय काढणे सुरू झाल्यावर पोटावर पाडलेल्या छिद्रांपाशीही अशा गाठी नोंदल्या गेल्या. अनेक लेखांत रक्तातून आलेल्या आणि जखमेत रुजलेल्या गाठी एकाच यादीत मोजल्या आहेत, जे मुळातच चुकीचे वाटते. रुजलेली एकटी गाठ कधीकधी कापून काढता येते, तर रक्तातून आलेली गाठ आजार शरीरभर पसरल्याची खूण असते आणि अशा रुग्णांचे आयुष्य पूर्वी बहुतेक वेळा महिन्यांतच मोजले जाई.

गाठ सहसा टणक, लालसर किंवा त्वचेच्याच रंगाची आणि न दुखणारी असते. कधी पुरळ पट्ट्यात उठते आणि नागीण समजून आठवडेच्या आठवडे मलमे लावली जातात. बायॉप्सीशिवाय निदान होत नाही, आणि तिथेही एकाच चाचणीवर भागत नाही, कारण मूत्राशयाकडे बोट दाखवणारे ‘गाटा-३’ हे प्रथिन स्तनाच्या कर्करोगातही सापडते.

१९८५च्या सुमारास आलेली चार औषधांची केमोथेरपी आणि २०००मधील सिस्प्लॅटिन-जेमसिटाबिन जोडी यांनंतर बराच काळ फारसे काही हलले नाही. २०१६पासून इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच कर्करोगावर सोडणारे उपचार, आली. डिसेंबर २०२३मध्ये अमेरिकेत एन्फोर्टुमॅब वेडोटिन व पेंब्रोलिझुमॅब या औषधांच्या जोडीला प्रगत आजारावरचा पहिला उपचार म्हणून व्यापक मान्यता मिळाली. चाचणीत मध्यम आयुर्मान केमोथेरपीवर १६.१ महिने, तर या जोडीवर ३१.५ महिने होते. हे आकडे मात्र सर्व प्रगत रुग्णांचे आहेत, केवळ त्वचेत प्रसार झालेल्यांचे नव्हेत. शिवाय एन्फोर्टुमॅब ज्या नेक्टिन-४ प्रथिनाला धरते ते त्वचेतही असते, त्यामुळे उपचारांदरम्यान उठलेले पुरळ औषधाचे की आजाराचे, हा प्रश्न आता नव्याने उभा राहतो.