ईस्टरचा आठवडा, घरच्या घरी: ३ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी खोक्यासोबतचं माहितीपत्रक

नमस्कार.

आमच्या वसईच्या दुकानातून ईस्टरचं खोकं नेलंत, त्याबद्दल मनापासून आभार. आत काय काय आहे याची यादी झाकणावर आहे. त्यातलं काय कधी काढायचं आणि घरातल्या कोणत्या वस्तू त्याला जोडायच्या, ते इथे लिहिलं आहे.

आधी एक कळकळीची विनंती. खोकं ईस्टरच्या आदल्या शनिवारी दुपारी एकदम उघडू नका. त्या दिवशी स्वयंपाकघरात गडबड असते, रात्रीच्या मिस्साची (चर्चमधल्या प्रार्थनाविधीची) तयारी असते आणि मुलाच्या हातात सगळंच पडलं की अर्ध्या तासात फडशा पडतो. झावळ्यांच्या रविवारपासून (ईस्टरच्या आधीचा रविवार, पाम संडे) ईस्टरपर्यंत आठ दिवस मिळतात. रोज एकच गोष्ट काढा, पंधरा-वीस मिनिटं करा, उरलेलं नजरेआड ठेवा. या वयाच्या मुलाला ‘पुनरुत्थान’, म्हणजे येशूचं मरणातून पुन्हा उठणं, समजावून सांगता येत नाही. पण बी पेरून रोज डोकावणं आणि एके सकाळी हिरवा कोंब दिसणं त्याला पक्कं कळतं. खोकं आम्ही याच विचाराने भरलं आहे.

तारीख आणि चंद्र

ईस्टर दरवर्षी वेगळ्या तारखेला का, हे मुलं विचारतातच. २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येते, तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिलच्या दरम्यान कधीही येतो. २०२६ मध्ये हनुमान जयंतीच्या पौर्णिमेनंतर, ५ एप्रिलला. २०२७ मध्ये होळीच्या पौर्णिमेनंतर, २८ मार्चला. खोक्यातला काळा कागद आणि पांढरा खडू चंद्रासाठी आहे. २०२६ मध्ये झावळ्यांच्या रविवारी संध्याकाळपासून रोज गच्चीत जाऊन जसा दिसेल तसा चंद्र काढायला लावलात, तर गुरुवारी तो पूर्ण गोल होईल. २०२७ मध्ये पौर्णिमा सोमवारीच आहे, तेव्हा दोन दिवस आधी सुरुवात करा. गोल वाकडा आला तरी दुरुस्त करून देऊ नका.

कवचातली मेथी

आमच्या मते खोक्यातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे मेथीदाण्यांची छोटी पुडी. झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या रात्री दाणे भिजत घाला. अंडं फोडताना निमुळत्या टोकाकडून फक्त टोपीएवढा भाग काढा, म्हणजे कवच उभं राहतं. आतलं ऑम्लेटला वापरा. रिकामं कवच पाच मिनिटं पाण्यात उकळून घ्या. हे काम मोठ्यांचं, कारण कच्च्या अंड्याच्या कवचावर पोट बिघडवणारे जंतू असू शकतात.

गार झालेल्या कवचावर मुलाला स्केचपेनने डोळे आणि तोंड काढू द्या. डोक्यावर काही काढायचं नाही, केस पुढे उगवणार आहेत. आत ओला कापूस आणि त्यावर आठ-दहा दाणे. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये ठेवून खिडकीशी ठेवा, थेट उन्हात नको. सकाळ-संध्याकाळ चमचाभर पाणी मुलानेच घालायचं. पाणी जास्त झालं की दाणे कुजतात, म्हणून छोटा चमचा त्या कामासाठीच बाजूला काढून ठेवा.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दाण्याला पांढरं शेपूट फुटतं. मूल बहुतेक वेळा ते ‘किडा’ म्हणून दाखवायला येतं. तेव्हा भिंगातून मूळ दाखवा आणि ते खाली का वळतंय, हे त्यालाच विचारा. मग सालीची टोपी घेऊन दोन पानं वर येतात. ईस्टरपर्यंत दोन बोटं उंच हिरवे केस तयार. रोज शेजारी दोऱ्याचा तुकडा धरून तेवढाच कापा आणि कागदावर चिकटवा. आकडे न येणाऱ्या मुलालाही वाढ म्हणजे काय ते त्या दोऱ्यांच्या रांगेतून दिसतं. घरात बायबलमधलं शुभवर्तमान वाचलं जात असेल, तर योहानाच्या १२व्या अध्यायातला गव्हाच्या दाण्याचा दाखला याच वेळी सांगा. दाणा मातीत पडल्याशिवाय पीक येत नाही, हे मुलाच्या डोळ्यांसमोर घडत असतं.

घंटा गप्प बसते तेव्हा

कॅथलिक चर्चमध्ये पवित्र गुरुवारच्या मिस्सातल्या गौरवगीतानंतर घंटा वाजत नाही. ती थेट शनिवारी रात्रीच्या जागरण विधीत पुन्हा घुमते. मधल्या काळात लाकडी खटखट्या वाजवतात. घरी हा ऐकण्याचा सुंदर खेळ होतो. गुरुवारी संध्याकाळी खोक्यातली पितळी घंटी मुलाच्या हातून रुमालात गुंडाळून कपाटात ठेवा. शुक्रवारी आणि शनिवारी जेवायला बोलवायचं तर दोन लाकडी चमचे आपटून. रविवारी सकाळी घंटी बाहेर काढण्याचा मान मुलाचा. वर्षभर रोज ऐकू येणारा आवाज दोन दिवस नसला की तो किती हवासा वाटतो, हे चार वर्षांच्या मुलालाही कळतं.

गुड फ्रायडेबद्दल काय सांगायचं, असं बरेच पालक दुकानात विचारतात. आम्ही म्हणतो, थोडं आणि खरं सांगा. ‘लोक येशूशी फार वाईट वागले, तो मरण पावला, त्याची आई आणि मित्र खूप रडले. रविवारी काय झालं ते रविवारी सांगेन.’ ‘झोपला’ असा शब्द वापरू नका. लहान मुलं शब्द जसाच्या तसा धरतात आणि मग रात्री झोपायला घाबरतात. खिळे आणि रक्त यांचं वर्णन या वयात नको.

रविवारच्या गोष्टीसाठी खोक्यात कागदी ताटली आहे. ती मधोमध दुमडून उभी केली की कबर होते, पुढचा गोल पुठ्ठा म्हणजे दारावरची धोंड. मूल ती स्वतः लोटून बाजूला करतं, आत पाहतं, आत कोणी नसतं. मग मग्दालिया मरीया पहाटे तिथे आली तेव्हा तिला काय वाटलं असेल, ते विचारा आणि उत्तर शांतपणे ऐकून घ्या. हीच धोंड दिवसभरात वीस वेळा लोटली जाईल, म्हणून जास्तीचे दोन पुठ्ठे दिले आहेत.

अंडी रंगवताना

अंडीच का? मध्ययुगात युरोपात उपवासकाळातल्या चाळीस दिवसांत अंडी वर्ज्य होती. कोंबड्या मात्र घालायच्या थांबत नव्हत्या. ईस्टरला घराघरांत अंडी साठलेली असत, ती रंगवून वाटली जात. अंडी आणणाऱ्या सशाची कथा जर्मन भाषिक मुलखातली. तिचा लेखी उल्लेख १६८२ सालचा सापडतो. आपल्या मुलांनी अंगणात पाहिलेली असते कोंबडी, म्हणून आमच्या चित्रांत ससा एकच आहे आणि पिल्लं भरपूर.

रंग स्वयंपाकघरातलेच घ्या. सहा-आठ लाल कांद्यांची कोरडी सालं दोन कप पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं उकळली की गडद विटकरी रंग मिळतो. टेबलस्पूनभर हळदीचा पिवळा. किसलेल्या बिटाचा गुलाबी, पण तो सुकल्यावर फिका पडतो. सगळ्यात गंमत जांभळ्या कोबीची. पाणी दिसतं जांभळं आणि पांढरं अंडं रात्रभरात होतं निळं. सकाळी मुलाचा चेहरा बघण्यासारखा असतो. प्रत्येक रंग गाळून, गार करून त्यात टेबलस्पूनभर व्हिनेगर घाला. अंड्याचं कवच चुन्याच्या जातीचं असतं, आम्लाने त्याचा पृष्ठभाग किंचित खरबरीत होतो आणि रंग धरतो. अंडी दहा-बारा मिनिटं उकडलेली हवीत. बुडवण्याआधी पांढऱ्या मेणाच्या खडूने मुलाला रेघा, ठिपके किंवा नावाचं पहिलं अक्षर काढू द्या. तेव्हा काहीच दिसत नाही. रंगातून अंडं बाहेर काढलं की मेण लागलेली जागा कोरी राहिलेली असते आणि अक्षर उमटतं. भांडं रात्रभर फ्रिजमध्येच ठेवा.

ही अंडी खायची असतील तर आपल्याकडच्या मार्च-एप्रिलच्या उकाड्यात तासाभरापेक्षा जास्त वेळ बाहेर नकोत, आणि फ्रिजमधली आठवड्याच्या आत संपवा. म्हणूनच लपवायच्या खेळात खरी अंडी घेऊ नका.

ज्या घरांत अंडं येत नाही, त्यांनी मिठाच्या पिठाची अंडी करावीत: दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ आणि लागेल तसं वाटीभर पाणी. घट्ट मळून आकार द्या, दोन-तीन दिवस उन्हात वाळवा, मग रंगवा. ती तोंडात जाऊ देऊ नका, मीठ फार असतं. मेथीसाठी कवचाऐवजी मातीची पणती किंवा करवंटी छान चालते.

शोधाशोध

खोक्यातली सहा प्लास्टिकची अंडी दोन रंगांच्या अर्धुकांत उघडतात. तीन वर्षांच्या मुलाला आधी नुसत्या जोड्या लावू द्या. पीळ देऊन बंद करणं हाच बोटांचा चांगला व्यायाम आहे. चौथ्या वर्षी आत एक ते सहा शेंगदाण्यांची चित्रं घाला आणि मोजायला लावा. पाचव्या-सहाव्या वर्षी एका अर्धुकावर अक्षर, दुसऱ्यावर चित्र. लपवताना मुलाच्या नजरेच्या उंचीवर ठेवा आणि सूचना शब्दांतून द्या: ‘उशीच्या खाली’, ‘दाराच्या मागे’, ‘दोन कुंड्यांच्या मध्ये’. भावंडं असतील तर प्रत्येकाला रंग नेमून द्या, नाहीतर मोठं मूल सगळीच गोळा करतं.

खाऊ

मुंबई-वसई आणि गोव्याकडे ईस्टरला मार्झिपानची अंडी करतात. पारंपरिक कृतीत अंड्याचा पांढरा बलक घालतात, मुलांसोबत करताना तो वगळा. १०० ग्रॅम काजूची पूड, १०० ग्रॅम पिठीसाखर आणि गुलाबपाणी. गुलाबपाणी छोट्या चमच्याने थोडं थोडं घाला. दोन-तीन चमच्यांत गोळा होतो. पूड करताना मिक्सर थांबून थांबून फिरवा, नाहीतर काजूला तेल सुटतं. मुलाने बोराएवढी अंडी वळायची आणि टूथपिकच्या बोथट टोकाने नक्षी काढायची. फ्रिजमध्ये ठेवा, दिवसाला एक पुरे. सुक्या मेव्याची ॲलर्जी असलेल्या मुलांसाठी १०० ग्रॅम सुक्या खोबऱ्याचा कीस आणि तेवढंच कन्डेन्स्ड मिल्क घ्या. मात्र खोबरं मुलाला चालतं याची खात्री हवी.

घरी फुगे (तळलेले छोटे गोल पाव) होणार असतील, तर यीस्ट घातलेल्या पिठाचा लिंबाएवढा गोळा काचेच्या पेल्यात टाका आणि जिथवर पीठ आहे तिथे रबरबँड लावा. तासाभराने मूल धावत येऊन सांगेल की पीठ रबरबँडच्या वर गेलं. तळणीपाशी मात्र मुलं नकोत. शुक्रवारी पाव भाजणार असाल, तर मैद्याची पातळ पेस्ट दुधाच्या धुतलेल्या पिशवीत भरा, कोपरा किंचित कापा आणि भाजण्याआधी प्रत्येक पावावर मुलाला क्रूस काढू द्या. मधल्या भुकेला राजेळीच्या सुकेळ्यांचे (वाळवलेल्या केळ्यांचे) पातळ काप उत्तम, त्यावर वेगळी साखर लागत नाही.

सुरक्षितता आणि बदली

हे खोकं तीन वर्षांखालच्या मुलांसाठी नाही. घरात लहान भावंड असेल तर चिकटवायचे डोळे आणि मणी आधीच काढून ठेवा. द्राक्षं उभी चिरून द्या, अख्खे काजू-बदाम पाच वर्षांखालच्यांना देऊ नका. १ जानेवारी २०२१ पासून भारतात खेळण्यांवर आयएसआय खूण सक्तीची आहे. आमच्या प्लास्टिकच्या अंड्यांच्या पाकिटावर ती बघून घ्या. इतर कुठूनही घेताना हीच सवय ठेवा.

खोकं परदेशातल्या नातवंडांना पाठवणार असाल तर मेथीची पुडी काढून घ्या. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडसारख्या देशांत टपालाने येणाऱ्या बियाण्यांवर कडक बंधनं आहेत. तिथल्या भारतीय दुकानातली मेथी तितकीच चांगली उगवते.

चार दिवसांत कोंब आला नाही, तर पत्रक घेऊन दुकानात या, दुसरी पुडी विनामूल्य देऊ. जोडीची अंडी हरवली तर सुटी अर्धुकंही मिळतात. ईस्टरनंतर मेथी कात्रीने कापून थालीपिठात घाला, आणि कवच हाताने चुरून कुंडीच्या मातीत मिसळा. चुरायचं काम मुलाचं.