राउदाझ

*राउदाझ हे ‘तांबडा’ या अर्थाचे आद्य-जर्मानिक, म्हणजे इंग्रजी, जर्मन इत्यादी भाषांच्या पूर्वज भाषेतले, विशेषण. ते कोणत्याही लेखात सापडलेले नाही. प्राचीन नॉर्स, प्राचीन इंग्रजी, प्राचीन उच्च जर्मन इत्यादी भाषांतील रूपे पडताळून अभ्यासकांनी त्याची पुनर्रचना केली असून आरंभीची तारका तेच सुचवते. इंग्रजी ‘रेड’ आणि जर्मन ‘रोट’ ही त्याचीच आजची रूपे.

त्यामागचे आद्य भारत-युरोपीय (संस्कृत, ग्रीक, लॅटिन, जर्मानिक इत्यादींच्या सामाईक पूर्वज भाषेतले) रूप साधारण *ह्‌रोउधोस असे मानतात. आरंभीचे कंठस्थानीय व्यंजन जर्मानिक, लॅटिन व संस्कृतात लोपले. ग्रीक ‘एरुथ्रोस’मधला ‘ए’ मात्र त्याची खूण राखून आहे. जर्मानिकमध्ये ऱ्हस्व ‘ओ’चा ‘अ’ झाला. ‘ध’चा ‘द’ होणे जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने १८२२ मध्ये मांडलेल्या ध्वनिनियमात बसते. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ रास्मुस रास्कने १८१८ मध्येच या संगतीचा बराच भाग दाखवला होता, पण नियमाला नाव ग्रिमचे मिळाले.

ग्रीक ‘एरुथ्रोस’, लॅटिन ‘रुबेर’ आणि संस्कृत ‘रुधिर’ यांत धातूतील, म्हणजे शब्दाच्या मूळ रूपातील, स्वर क्षीण (नुसता ‘उ’) असून पुढे र-युक्त प्रत्यय आहे. जर्मानिकने ही घडण घेतली नाही. संस्कृत व्याकरणातील गुणाशी (‘उ’चा ‘ओ’ होण्याशी) जुळणारा सबळ स्वर त्या विशेषणात आहे; लिथुआनियन ‘राउदस’ आणि प्राचीन आयरिश ‘रूअद’ त्याच घडणीचे. संस्कृत ‘रोहित’, ‘लोहित’ यांतही सबळ स्वरच दिसतो, फक्त ‘ध’चा ‘ह’ झालेला.

या शब्दकुळाचा लोखंड, तांबे अशा खनिज धातूंशी आलेला संबंध विशेष लक्षणीय आहे. प्राचीन नॉर्समध्ये ‘राउदि’ म्हणजे दलदलीत मिळणारे तांबूस लोहखनिज. फिन्निश भाषा भारत-युरोपीय कुळातली नाही, तरी तिच्यातला लोखंडवाचक ‘राउता’ ही जर्मानिककडून झालेली जुनी उसनवारी समजली जाते. इंग्रजीत गंजाला म्हणतात तो ‘रस्ट’ही याच शब्दमूळातला.

संस्कृत ‘लोह’ही बहुतेक अभ्यासक इथेच जोडतात. आरंभी त्याचा अर्थ तांबूस धातू, म्हणजे तांबे. रुद्रपठणातील चमकात ‘श्यामं च मे लोहं च मे’ असे येते, तिथे ‘श्याम’ म्हणजे लोखंड आणि ‘लोह’ म्हणजे तांबे असा अर्थ सामान्यतः लावतात. पुढे ‘लोह’ लोखंडासाठी रूढ झाले. मराठी ‘लोखंड’ हे ‘लोहखंड’वरून आले. ‘तांबडा’ मात्र ‘ताम्र’वरून, म्हणजे धातूकडून रंगाकडे, उलट वाटेने आलेला आहे.