एस्कुडो क्षेत्र

एस्कुडो क्षेत्र : एस्कुडो हे पोर्तुगालचे जुने चलन. पोर्तुगाल व त्याच्या ताब्यातील सागरपार प्रदेश (वसाहती) यांची एकच बाजारपेठ उभारण्यासाठी केलेली व्यवस्था. ८ नोव्हेंबर १९६१ च्या हुकुमाने तिला कायद्याचे रूप आले. आपसांतील जकात दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने उठवायची होती. योजनेत गोवाही होता; पण सहा आठवड्यांच्या आत, १९ डिसेंबरला, तो मुक्त झाला. गोव्यात रुपिया या तेथील जुन्या चलनाच्या जागी एस्कुडो (१ रुपियास ६ एस्कुडो) येऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती.

देवघेवीची पद्धत १९६३ पासून चालू झाली. लुआंडातील (अंगोला या आफ्रिकेतील वसाहतीच्या राजधानीतील) व्यापारी लिस्बनहून मागवलेल्या कापडाची किंमत स्थानिक बँकेत अंगोलन एस्कुडोत भरी. मग लिस्बनमध्ये प्रत्येक सागरपार प्रांताचे येणे-देणे एकमेकांत वळते करीत आणि उरलेली तूट त्या प्रांताच्या राखीव निधीतून भागवीत. कागदोपत्री दोन्ही एस्कुडो समान किमतीचे होते. प्रत्यक्षात अंगोलन नोट लिस्बनच्या दुकानात चालत नसे. खरी अडचण निधीची होती. कापड, दारू यांची आयात आणि पोर्तुगालकडे जाणारा पैसा यांमुळे अंगोला व मोझांबिक यांचे देणे वाढत गेले, निधी आटला आणि बिले रांगेत अडकली. लुआंडातील खरेदीदाराने पैसे भरले तरी पोर्तुगालमधील गिरणीमालकाच्या हाती ते वेळेवर पडत नसत. १९७१ मध्ये थकबाकी आवरण्यासाठी आयातीवर परवान्यांचे निर्बंध घालावे लागले आणि खुल्या बाजाराचा मूळ हेतूच मागे पडला.

पोर्तुगाल युरोपकडे नेमका केव्हा वळला, याविषयी एकमत नाही. पोर्तुगालमधील हुकूमशाही उलथवणारी १९७४ ची क्रांती हा टप्पा बहुधा सांगितला जातो. तथापि पोर्तुगाल १९६० मध्येच युरोपीय मुक्त व्यापार संघटनेचा (एफ्टा) संस्थापक सदस्य झाला होता, हे पाहता वळण त्याआधीचे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. एफ्टा ज्याने स्थापन झाली त्या स्टॉकहोम कराराच्या ‘जी’ परिशिष्टाने त्याला मोठी सवलत दिली : इतर सदस्यांसाठी जकात उठवण्याची मूळ मुदत १९७० होती, पोर्तुगालमध्ये बनणाऱ्या बहुतेक मालासाठी ती १९८० पर्यंत होती. नव्या उद्योगांना संरक्षक जकात लावण्याची मुभाही काही काळ मिळाली. त्या सुमारास निर्यातीचा साधारण चौथा हिस्सा वसाहतींत जाई. पुढे तो घटत गेला. युरोपीय आर्थिक समुदायाशी मुक्त व्यापाराचा करार १९७२ मध्ये, म्हणजे वसाहती हातात असतानाच झाला.

मोझांबिक (२५ जून १९७५) व अंगोला (११ नोव्हेंबर १९७५) स्वतंत्र झाल्यावर ही व्यवस्था संपली. समुदायाच्या सदस्यत्वासाठी पोर्तुगालने मार्च १९७७ मध्ये अर्ज केला. लिस्बनच्या ज्या जेरोनिमुश मठात वास्को द गामाची समाधी आहे, तेथेच १२ जून १९८५ रोजी प्रवेशकरारावर सह्या झाल्या. सदस्यत्व १ जानेवारी १९८६ पासून लागू झाले.

१ युरोस २००.४८२ एस्कुडो या दराने पोर्तुगीज चलन युरोत विलीन झाले. केप व्हर्दी या पूर्वीच्या पोर्तुगीज वसाहतीमध्ये मात्र एस्कुडो अजून चालतो; त्याचा दर १ युरोस ११०.२६५ असा युरोशीच बांधलेला आहे.