चारशे अश्वशक्ती आणि थिजलेलं रबर

जर्मनीत ऑक्टोबर लागला की टायरच्या दुकानांत अपॉइंटमेंट मिळणं मुश्कील होतं. तिथे ‘ओ बिस ओ’ म्हणजे ऑक्टोबर ते ओस्टर्न, अर्थात ईस्टर, असा साधा हिशेब असतो. तेवढे महिने गाडीला हिवाळी टायर लावायचे. स्पोर्ट्‌स कारवाल्यांचे मात्र तिथे दोन पंथ आहेत. एक पंथ गाडी सरळ झाकून ठेवतो. अशा गाडीच्या नंबरप्लेटवर उजव्या कडेला एकाखाली एक दोन आकडे असतात, वर ०४ आणि खाली १०. म्हणजे ही गाडी एप्रिल ते ऑक्टोबर एवढीच रस्त्यावर येऊ शकते. दुसरा पंथ म्हणतो, गाडी चालवायला घेतली आहे, बारा महिने चालवणार.

मी दुसऱ्या पंथाच्या बाजूने आहे. पण त्यासाठी गाडीच्या पोटात आणि पायाखाली थंडी नेमकं काय करते, ते समजून घ्यावं लागतं. पुण्याहून नोकरीसाठी श्टुटगार्टला किंवा म्युनिकला गेलेल्या कुणी हौसेने जुनी पोर्शे किंवा बीएमडब्ल्यू घेतली, तर पहिल्याच नोव्हेंबरात हा प्रश्न दारात येतो. आपण ड्रायव्हिंग शिकतो ते ऊन आणि पाऊस यांच्या भरवशावर. उणे दहा अंश आपल्या हिशेबातच नसतात.

पोर्शे ९११ घेऊ, कारण थंडीशी तिचं नातं जुनं आहे. वजन दीड टनाच्या आसपास, ताकद आजच्या साध्या मॉडेलातही चारशे अश्वशक्तीच्या जवळपास. टायरमध्ये २.३ बार दाब धरला आणि वजनाला दाबाने भागलं, तर चारही टायर मिळून जमिनीला टेकणारं क्षेत्रफळ साधारण साडेसहाशे चौरस सेंटिमीटर येतं. एका टायरच्या वाट्याला बोटांसकट हाताचा एक पंजा. गाडीचा वेग, वळण आणि ब्रेक यांतलं जे काही रस्त्यापर्यंत पोचतं, ते या चार पंजांतून. म्हणून थंडीची तयारी सुरू होते ती रबरापासून. इंजिन नंतर.

रबराची पकड दोन प्रकारे तयार होते. एक म्हणजे रबराचे रेणू रस्त्याच्या पृष्ठभागाला क्षणभर चिकटतात. दुसरं म्हणजे डांबरातल्या खडीचे बारीक उंचवटे रबरात रुततात, रबर दबतं आणि पुन्हा फुगतं. फुगताना ते दाबण्यासाठी लागलेली सगळी ऊर्जा परत देत नाही; काही भाग उष्णता बनून निघून जातो. ऊर्जेचा हा तोटा म्हणजेच आपल्याला मिळणारी पकड. दोन्ही गोष्टींसाठी रबराच्या लांबलचक साखळ्यांना हलायला मोकळीक हवी. थंडी वाढते तशी ही मोकळीक कमी होते आणि एका टप्प्याला साखळ्या जागच्या जागी अडकतात. रबर काचेसारखं ताठ आणि ठिसूळ होतं. रसायनशास्त्रात याला ग्लास ट्रान्झिशन म्हणतात. नैसर्गिक रबराचा हा टप्पा उणे ७० अंश सेल्सिअसच्या आसपास येतो. टायरमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या स्टायरीन-ब्युटाडाइन रबराचा टप्पा त्यातल्या स्टायरीनच्या प्रमाणाप्रमाणे बराच वर सरकवता येतो, आणि स्पोर्ट्‌स कारच्या उन्हाळी टायरसाठी तो मुद्दाम वर ठेवलेला असतो. तापलेल्या रस्त्यावर घट्ट धरून ठेवणारं रबर असंच बनतं.

इथे एक शंका येईल. म्युनिकमध्ये नोव्हेंबरात पारा दोन-तीन अंशांवर असतो, उणे चाळीसवर नव्हे. मग उन्हाळी टायर तेव्हाच का घसरायला लागतो?

या प्रश्नाचं उत्तर मला या सगळ्या विषयातलं सगळ्यात सुंदर विज्ञान वाटतं. रबराला तापमानाइतकाच वेगही जाणवतो. हळू दाबलं तर साखळ्यांना सरकायला वेळ मिळतो. झटक्यात दाबलं तर तो वेळ मिळत नाही आणि तेच रबर, त्याच तापमानाला, जास्त ताठ वागतं. ब्रेक दाबल्यावर टायर रस्त्यावर किंचित घसरत असतो. तेव्हा खडीवरचे सूक्ष्म उंचवटे रबराला सेकंदाला हजारो ते लाखो वेळा दाबून सोडतात. एवढ्या वेगाला रबर असं वागतं, जणू ते कित्येक अंश अधिक थंड आहे. त्यामुळे प्रयोगशाळेत सावकाश मोजलेला, समजा, उणे तीसचा टप्पा प्रत्यक्ष ब्रेक मारताना शून्याच्या बराच जवळ येऊन ठेपतो. बोटाने दाबून पाहाल तर टायर मऊ लागेल, पण रस्त्याला तो तसा लागत नाही.

‘७ अंशांखाली हिवाळी टायर’ हा सल्ला यातूनच आला. ७ अंशांना एकाएकी काही घडत नाही, बदल हळूहळू होत जातो. पण लक्षात ठेवायला आकडा चांगला आहे. रेसट्रॅकसाठी बनवलेले टायर यात सगळ्यात नाजूक. अशा टायरबद्दल कंपन्या स्वतःच बजावतात की गोठणबिंदूखालच्या थंडीत गाडी नुसती हलवली तरी ट्रेडला, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीदार थराला, तडे जाऊ शकतात. टायर तसा गारठला असेल, तर किमान एक दिवस ऊबदार जागेत ठेवून मगच तो फिरवायचा. गाडी गॅरेजमधून फक्त फाटकापर्यंत नेतोय, एवढंही कारण पुरेसं नाही.

थंडीत रबराचं हे वागणं किती महागात पडतं, हे साऱ्या जगाने १९८६ मध्ये पाहिलं. २८ जानेवारीच्या गारठलेल्या सकाळी ‘चॅलेंजर’ अंतराळयान उडालं आणि ७३ सेकंदांत त्याचे तुकडे झाले. सात जण गेले. चौकशी आयोगासमोर भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी रॉकेटच्या सांध्यात वापरलेल्या रबराचा छोटा तुकडा शिकंजात आवळून बर्फाच्या पाण्यात धरला. शिकंजा सोडल्यावर तो लगेच मूळ आकारात आला नाही. सांध्यातल्या रबरी कड्यांना फट बुजवायला लागणारी तत्परता त्या थंडीत उरली नव्हती. टायरकडून आपण हीच तत्परता मागत असतो.

हिवाळी टायरमध्ये नैसर्गिक रबर आणि पॉलिब्युटाडाइन जास्त घालतात, सोबत सिलिका. त्यामुळे तो थंडीतही लवचीक राहतो. त्याच्या प्रत्येक ठोकळ्यावर बारीक नागमोडी चिरा असतात. टायर टेकतो तेव्हा या चिरा उघडतात आणि त्यांच्या शेकडो कडा बर्फाला ओरबाडतात. खाचांमध्ये भुसभुशीत बर्फ ठासून भरतो तो तसाच राहू द्यायचा असतो, कारण बर्फावर बर्फ चांगला धरतो. हिमगोळा करताना दोन मुठी बर्फ एकमेकांना चिकटतो, तेच इथे होतं. खरेदी करताना बाजूच्या भिंतीवर तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण, हे चिन्ह शोधा. नुसती ‘एम प्लस एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) ही अक्षरं जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून पुरत नाहीत. जर्मन कायदा तारीख सांगत नाही. रस्त्यावर बर्फ, चिखलबर्फ किंवा हिमाचा थर असेल तेव्हा असे टायर हवेत, एवढंच म्हणतो. म्युनिकहून इन्सब्रुककडे निघालात तर ऑस्ट्रियात हिवाळी टायरच्या ट्रेडची खोली किमान ४ मिलिमीटर लागते. साडेतीनवर आलेला टायर तिथे हिवाळी मानतच नाहीत.

रुंदीबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. रुंद टायर म्हणजे जमिनीशी जास्त संपर्क, असं वाटतं. वर केलेला भागाकार पाहा: क्षेत्रफळ मुख्यतः वजन आणि दाब यांवर ठरतं. रुंद टायरचा ठसा आडवा आणि आखूड असतो, अरुंद टायरचा लांबट. कोरड्या वळणावर आडवा ठसा फायद्याचा. पाणी साचलेल्या किंवा चिखलबर्फाच्या रस्त्यावर मात्र रुंद टायर वर तरंगायला लागतो आणि अरुंद टायर तो थर कापून खाली पोचतो. म्हणून कंपनीने परवानगी दिलेल्या मापांपैकी अरुंद माप हिवाळ्यासाठी घ्यावं. गाडी थोडी कमी रुबाबदार दिसेल, दिसू द्या. आणखी एक जर्मन तपशील. हिवाळी टायरची वेगमर्यादा गाडीच्या कमाल वेगापेक्षा कमी असेल, तर तो आकडा लिहिलेला स्टिकर चालकाच्या नजरेसमोर लावावा लागतो. २९० किलोमीटर वेगाच्या गाडीत डॅशबोर्डवर ‘२४०’ची चिकटपट्टी दिसते, ती त्यासाठी.

दाब तपासताना गाडी कुठे उभी आहे ते पाहा. गॅरेजात २० अंशांना २.५ बार भरला आणि सकाळी बाहेर उणे १० असेल, तर टायर गार झाल्यावर तोच दाब साधारण २.१ वर येतो. हवा कुठेही गळलेली नसते. गार वायू आकुंचन पावतो, एवढंच.

आता इंजिन. खोबरेल तेलाची बाटली थंडीत थिजते आणि ती उन्हात ठेवावी लागते, हे आपल्या घराघरात माहीत आहे. इंजिन ऑइलही थंडीत असंच जड होत जातं. चावी फिरवल्यानंतरच्या पहिल्या काही सेकंदांत ते वरपर्यंत पोचलं नाही, तर धातूवर धातू घासतो. डब्यावरच्या ‘०डब्ल्यू-४०’ मधला डब्ल्यू हिवाळ्याचा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं तेल थंडीत वाहतं. शून्यवाल्या तेलाची इंजिन फिरवण्याची चाचणी उणे ३५ अंशांना होते, पाचवाल्याची उणे ३० ला, दहावाल्याची उणे २५ ला. तेल बदलायचंच असेल तर हिवाळ्याच्या तोंडावर बदला, आणि ग्रेड कंपनीच्या पुस्तिकेतलीच घ्या.

पण चांगलं तेलही तापायला वेळ घेतं. कूलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचा, काटा मध्यावर आला म्हणजे इंजिन तयार झालं, असं समजणं घाईचं आहे. तेल त्याच्या बरंच मागे असतं. बीएमडब्ल्यूच्या जुन्या एम५ आणि एम३ मध्ये यासाठी एक देखणी सोय होती. आरपीएमच्या तबकडीवर वरच्या आकड्यांभोवती छोटे दिवे लागलेले असत आणि तेल तापत जाईल तसे ते एकेक विझत. जेवढे दिवे पेटलेले, तेवढा भाग तुमच्यासाठी बंद. तुमच्या गाडीत तेलाच्या तापमानाचा काटा असेल तर त्याकडे बघा. नसेल तर पहिले दहा-पंधरा किलोमीटर पाय हलका ठेवा. जागेवर उभं राहून इंजिन तापवत बसू नका. त्याने ते सावकाश तापतं आणि पेट्रोल फुकट जातं. जर्मनीत याला दंडही आहे.

कूलंटची एक गंमत सांगण्यासारखी आहे. त्यात पाण्यासोबत एथिलीन ग्लायकॉल असतं. ते शुद्ध असेल तर उणे १३ अंशांनाच गोठतं, पाणी शून्याला. दोन्ही निम्मं-निम्मं मिसळलं की गोठणबिंदू उणे ३७ च्या आसपास जातो, कारण एकाचे रेणू दुसऱ्याला स्फटिक बांधू देत नाहीत. म्हणून ‘जास्त घातलं तर जास्त बरं’ हा हिशेब इथे चुकतो.

बॅटरीकडे स्पोर्ट्‌स कारवाल्यांनी विशेष लक्ष द्यायला हवं, कारण या गाड्या दिवसेंदिवस उभ्या असतात आणि अलार्म वगैरे यंत्रणा वीज खात राहतात. थंडीत शिशाच्या बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, आणि त्याच वेळी जड तेलामुळे स्टार्टरला जास्त ताकद लागते. दोन्हीकडून मार. पूर्ण चार्ज असलेल्या बॅटरीतलं आम्ल उणे ६० च्या आसपासही द्रव राहतं. ती उतरली की आत जवळजवळ पाणीच उरतं आणि ते उणे १० च्या आसपास गोठून बॅटरी फोडू शकतं. घरी प्लग असेल तर देखभाल चार्जर लावून ठेवा. ९११ च्या अनेक पिढ्यांत यात आणखी एक मेख आहे. बॅटरी पुढच्या डिकीत आणि त्या डिकीचं कुलूप विजेवर! बॅटरी मेली की बॅटरीपर्यंत पोचताच येत नाही. त्यासाठी चालकाच्या पायाजवळच्या फ्यूजच्या खणात बाहेर ओढायचं एक टर्मिनल दिलेलं असतं. तिथे बाहेरून वीज देऊन डिकी उघडायची. ही जागा अंधारात, हातमोजे घालून शोधण्याआधी घरच्या उजेडात एकदा पाहून ठेवावी.

दरवाजाचंही तसंच. चौकट नसलेल्या काचा दार उघडताना काही मिलिमीटर आपोआप खाली सरकतात. रात्री काच रबरी पट्टीला गोठून चिकटली की सरकू शकत नाही, आणि दार ओढलं की पट्टी फाटते किंवा काच वर-खाली करणारं यंत्र मोडतं. पट्ट्यांना नोव्हेंबरातच सिलिकॉन किंवा ग्लिसरीन लावा. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाबद्दल फार काळजी नको. पोर्शेने १९७० च्या दशकाच्या मध्यापासून ९११ चा सांगाडा जस्ताचा मुलामा देऊन बनवला आहे. गाडीचं पोट मात्र आठवड्याला गोड्या पाण्याने धुवा.

इतकं करून ही गाडी बर्फात चालते का? उत्तम चालते. ९११ चं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असल्याने साठ टक्क्यांच्या आसपास वजन मागच्या, म्हणजे ओढणाऱ्या, चाकांवर पडतं. १९६८ मध्ये विक एल्फर्ड यांनी आणि १९६९, १९७० मध्ये ब्यॉर्न वाल्डेगॉर्ड यांनी आल्प्समधली माँटे कार्लो रॅली ९११ नेच जिंकली. मात्र हेच वजन वळणात उलटतं. वळणाच्या मध्यात घाबरून अॅक्सिलरेटरवरून पाय एकदम काढला, तर भार पुढे जातो, मागची चाकं हलकी होतात आणि गाडीचं बूड बाहेर पडतं. वेग वळणाआधीच कमी करायचा आणि पाय हळू उचलायचा.

थांबायला किती जागा लागते ते एकदा आकड्यांत बघून ठेवा. ताशी ५० किलोमीटरला, ब्रेक लागल्यापासून पुढे, कोरड्या डांबरावर सुमारे १२ मीटर. दाबलेल्या बर्फावर, चांगल्या हिवाळी टायरवर, ३० मीटरच्या पुढे. घट्ट काचबर्फावर शंभराच्या घरात, आणि तेव्हा चारशे अश्वशक्ती किंवा चारचाकी ड्राइव्ह काहीही कामाला येत नाही, कारण ब्रेक सगळ्याच गाड्यांना चार चाकांवरच असतात. काचबर्फ सगळ्यात निसरडा असतो तो शून्याच्या अगदी जवळ, पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर असताना. उणे वीसला तो उलट जास्त धरतो. म्हणून कडाक्याच्या रात्रीपेक्षा पारा शून्याच्या आसपास घुटमळतो ती सकाळ धोक्याची, त्यातही पूल आणि झाडांच्या सावलीतले तुकडे. जर्मनीत एडीएसी हा वाहनधारकांचा क्लब निसरड्या मैदानावर सुरक्षित ड्रायव्हिंगचं प्रशिक्षण देतो. पहिल्या हिवाळ्याआधी ते घ्या, आणि तिथे मुद्दाम पूर्ण ताकदीने ब्रेक दाबून एबीएसची, म्हणजे ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, धडधड पायाखाली अनुभवा, म्हणजे खऱ्या रस्त्यावर ती जाणवल्यावर पाय दचकून मागे येणार नाही.