खान्देशातल्या वास्तूंची प्रवासातली फोटोग्राफी

प्रवासात वाटेत लागलेल्या, नाहीतर मुद्दाम वाट वाकडी करून गाठलेल्या देवळांचे, किल्ल्यांचे, मकबऱ्यांचे, जुन्या वाड्यांचे फोटो काढणं. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांच्या खान्देशात या कामाला जरा जास्तच महत्त्व आहे, कारण इथल्या बऱ्याच वास्तूंचे नीट काढलेले फोटो शोधूनही सापडत नाहीत. बाहेरचे लोक जळगाव स्टेशनला उतरतात, गाडी करतात, अजिंठा बघतात आणि रात्रीच्या रेल्वेने परत जातात, मधला सगळा मुलूख तसाच राहतो.

अजिंठा तसं खान्देशाच्या हद्दीला लागून, संभाजीनगर जिल्ह्यात, पण या भागातल्या फोटोग्राफीची गोष्ट तिथूनच सुरू करावी लागते. रॉबर्ट गिल या इंग्रज अधिकाऱ्याने तिथल्या चित्रांच्या रंगीत नकला काढण्यात वर्षानुवर्षं घालवली, आणि त्यातल्या बहुतेक नकला 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. त्याने लेण्यांचे फोटोही काढले होते, 1864 साली ते पुस्तकातून छापले गेले म्हणून टिकले. गिलची कबर भुसावळला आहे. खान्देशात कॅमेरा घेऊन फिरणाऱ्याने तिथे एकदा तरी जावं असं मला मनापासून वाटतं.

दुसरं नाव चाळीसगावच्या केकी मूस यांचं (1912–1989). इंग्लंडमध्ये फोटोग्राफी शिकून आले आणि पुढचं जवळजवळ सगळं आयुष्य स्टेशनजवळच्या आपल्या बंगल्यातच काढलं, म्हणजे प्रवासी फोटोग्राफरच्या अगदी उलट. पण टेबलावर मांडलेल्या साध्या वस्तूंवर प्रकाश टाकून त्यांनी जे फोटो केले ते बघितले की प्रकाश कुठल्या बाजूने यायला पाहिजे हे डोळ्याला कळायला लागतं, आणि वास्तूचा फोटो म्हणजे शेवटी तेच.

इथला दगड काळा बेसॉल्ट. सगळी अडचण इथूनच सुरू होते. फ्रेम पूर्ण दगडाने भरली की कॅमेरा किंवा मोबाईल तिला उजळ करायला बघतो आणि दगड राखाडी, धुतल्यासारखा येतो, अशा वेळी एक्सपोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, थोडं खाली ओढायचं. मागे उघडं आभाळ असलं की उलटं होतं, देऊळ नुसता काळा ठिपका दिसतं, तेव्हा दगडावर बोट ठेवून एक्सपोजर घ्या नाहीतर उजेड आणि अंधार दोन्ही सांभाळणारी एचडीआरची सोय चालू करा. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसला टेकतो, आभाळ धुळीने पांढरं पडतं, कोरीवकामावरची सावलीच निघून जाते. पाऊस संपल्यावर, गणपतीनंतरपासून दिवाळीपर्यंत, हवा धुतलेली असते, शेतं हिरवी असतात, तोच खरा सीझन. बरीच देवळं पूर्वेकडे तोंड करून असल्यामुळे दर्शनी बाजूला सकाळचं ऊन चांगलं, पण शिखराच्या मागच्या बाजूला संध्याकाळशिवाय मजा नाही, म्हणून जमलं तर गावात मुक्काम करावा.

साक्री तालुक्यातलं बलसाणे हे अशा कामासाठी उत्तम ठिकाण, एकाच गावात जुन्या हेमाडपंती देवळांचा समूह आहे आणि खांबांवरचं कोरीवकाम तिरप्या उन्हात अक्षरशः उठून येतं. चाळीसगावजवळची वाघळी आणि पाटण ही गावंही अशीच. पाटणच्या शिलालेखात गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याचा उल्लेख आहे, तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा. कुठल्याही शिलालेखाचा फोटो समोरून फ्लॅश मारून काढला तर अक्षरं सपाट होतात, टॉर्च एका बाजूने, दगडाला जवळजवळ चिकटून धरायचा, अक्षर आपोआप वाचता येतं. अक्षरात खडू किंवा पीठ भरू नये, कोणी भरत असेल तर थांबवावं, दगड खराब होतो.

तापीकाठी थाळनेरला खान्देशावर पूर्वी राज्य केलेल्या फारुकी राजांच्या कबरी आहेत, त्यातली अष्टकोनी वास्तू कोपऱ्यावरून घेतली तरच तिचा आकार कळतो. तापी-पूर्णा संगमावरच्या चांगदेव मंदिराच्या फोटोत पाणी किती येणार हे हतनूर धरणाच्या फुगवट्यावर ठरतं. पारोळ्याचा भुईकोट गावाच्या मध्यात, चारी बाजूंनी घरं, त्यामुळे खालून पूर्ण किल्ला फ्रेममध्ये बसतच नाही. कॅमेरा वर उचलला की भिंती मागे पडल्यासारख्या दिसतात. त्यापेक्षा शेजारच्या घरी विचारून गच्चीवर जावं. "फोटू काढाले उनात का भाऊ?" (फोटो काढायला आलात का?) असं अहिराणीत विचारून लोक आधी चहा पाजतात, मग जिना दाखवतात. धुळ्यात मात्र उंच जागेची गरज नाही, 1819 नंतर कॅप्टन ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याने आखलेल्या सरळ, नंबर दिलेल्या गल्ल्या रस्त्यावर उभं राहूनच छान येतात.

एरंडोल तालुक्यातल्या फरकांडे गावचे झुलते मनोरे मात्र जोडीने बघायचे असतील तर जुने फोटोच शोधावे लागतात, कारण ती जोडी आता उभी नाही. एक हलवला की दुसरा हलायचा अशी त्यांची ख्याती, लोक लांबून यायचे, हलवून बघायचे. वास्तू अशी कधीही जाऊ शकते, म्हणून सुंदर अँगलच्या आधी एक साधा, समोरून, पायापासून टोकापर्यंतचा फोटो घ्यावा, शेजारी माणूस उभा केला तर उंचीचा अंदाज येतो, मग भेगा, सांधे, निखळलेले दगड. कोणी पुढे दुरुस्ती करायला घेतली तर असलेच फोटो कामी येतात.

कायद्याने इमारतीचा फोटो काढून छापायला हरकत नाही, 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये तशी सूट आहे. अजिंठ्याच्या चित्रांवर फ्लॅश मारायचा नाही. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूत ट्रायपॉड आणि ड्रोनसाठी आधी परवानगी काढावी लागते. गाभाऱ्यात पुजाऱ्यांना विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नये, कबरीपाशी चपला बाहेर.

फोटो नेटवर टाकताना गावासोबत तालुका आणि जिल्हाही लिहावा, नुसतं 'प्राचीन शिवमंदिर, खान्देश' लिहिलं तर कोणाला काहीच सापडत नाही. काढल्याची तारीख आणि वास्तूची कुठली बाजू आहे तेही लिहावं.