क्रूझवरील रात्रीचे जेवण : ठरलेली पंगत आणि मोकळी वेळ

प्रवासी जहाजाच्या मुख्य भोजनगृहात रात्री किती वाजता, कोणत्या टेबलावर आणि कोणाच्या शेजारी जेवायचे, हे ठरवण्याच्या दोन रूढ पद्धती. ठरलेल्या पद्धतीत, म्हणजे ‘फिक्स्ड सीटिंग’मध्ये, जेवणाच्या दोन पंगती होतात : पहिली साधारण साडेपाच-सहाला, दुसरी आठ-साडेआठला. प्रवाशाने त्यांतली एक निवडायची. मग सफर संपेपर्यंत तीच वेळ, तेच टेबल, तेच शेजारी आणि वाढणारे तेच दोघे. टेबलाचा नंबर बऱ्याच जहाजांवर केबिनच्या किल्लीचे काम करणाऱ्या कार्डावरच छापलेला असतो. मोकळ्या पद्धतीत, म्हणजे ‘फ्लेक्सिबल’ किंवा ‘एनीटाइम डायनिंग’मध्ये, साडेपाच-सहापासून नऊ-साडेनऊपर्यंत केव्हाही भोजनगृहाच्या दारात जाऊन उभे राहायचे, जे टेबल रिकामे असेल ते मिळते. जेवण दोन्हींकडे एकच, भोजनगृह बहुधा एकच, आणि भाड्यातही फरक नाही. वरच्या मजल्यावरचा बुफे आणि जादा पैसे घेणारी खास रेस्टॉरंटे या निवडीच्या बाहेर राहतात.

ही निवड बुकिंगच्या वेळीच करावी लागते, आणि नेमकी तेव्हाच तिच्याकडे कोणाचे लक्ष नसते. बडोद्याच्या कुठल्याही ट्रॅव्हल एजंटच्या टेबलासमोर बसलेले कुटुंब केबिनला खिडकी आहे का, व्हिसा किती दिवसांत येतो, यात गुंतलेले असते. एजंट विचारतो, “अर्ली, लेट की एनीटाइम?” घरचे म्हणतात, “जे असेल ते द्या.” पुढे सात रात्री त्या ‘जे असेल ते’वर काढाव्या लागतात.

मराठी माणसाला ही व्यवस्था समजायला खरे तर जड जाऊ नये. बडोद्याच्या दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात ज्यांनी जुन्या वळणाची लग्ने पाहिली आहेत, त्यांना पहिली पंगत आणि दुसरी पंगत हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. कारणही दोन्हीकडे तेच आहे : जागा कमी आणि पाने जास्त. जहाजावरचे भोजनगृह सगळ्या प्रवाशांना एकदम बसवू शकत नाही, म्हणून अर्धे आधी आणि अर्धे नंतर. त्याच हिशेबाने नाट्यगृहातला कार्यक्रमही दोनदा होतो. पहिल्या पंगतीचे लोक जेवून कार्यक्रमाला जातात. दुसऱ्या पंगतीचे आधी कार्यक्रम पाहून मग जेवायला येतात. मुदपाकखान्यालाही हे सोयीचे पडते, कारण सव्वाआठला किती सूप एकदम लागणार हे आचाऱ्याला दुपारीच ठाऊक असते. लग्नातल्या पंगतीशी फरक एवढाच की तिथे दुसऱ्या पंगतीला अळूची भाजी पातळ होते आणि जिलेबी मोजून येते. जहाजावर तसे होत नाही. शिवाय आपल्याकडे पहिल्या पंगतीचा मान व्याह्यांचा आणि शेवटची पंगत घरच्या बायकांची. जहाजावर मान-अपमान नाही. जो आधी बुकिंग करतो त्याची पंगत.

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड १८८७ मध्ये पहिल्यांदा युरोपला गेले तेव्हा जेवणाची वेळ निवडण्याचा प्रश्नच नव्हता. समुद्र ओलांडावा की नाही, हाच तेव्हा वाद होता. पुढे ते अनेकदा गेले, १९०६ मध्ये अमेरिकेलाही. त्या काळच्या बोटींवर ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी बसण्याला पर्याय नसे. बिगूल वाजला की आपापल्या वर्गाच्या भोजनगृहात जायचे. ‘टायटॅनिक’वर (१९१२) जेवणाची वर्दी अशीच बिगुलाने दिली जाई. बोटीवर हवे तेव्हा, हवे ते मागवून जेवण्याची सोय ‘अमेरिका’ या जर्मन जहाजाने १९०५ मध्ये आणली. त्यावर रिट्झ-कार्लटन नावाचे स्वतंत्र रेस्टॉरंट होते, आणि अर्थात ते श्रीमंतांसाठी होते. विमानांनी बोटींचा प्रवासी धंदा खाल्ला आणि उरलेल्या जहाजांनी सहली सुरू केल्या, तेव्हाही दोन पंगतींची रीत तशीच चालू राहिली.

ती मोडली २००० साली. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने ‘फ्रीस्टाइल क्रूझिंग’ नावाने ठरलेल्या वेळा आणि ठरलेली टेबले दोन्ही काढून टाकली. मग इतर कंपन्यांनीही मोकळ्या वेळेचा पर्याय दिला, मात्र बहुतेकींनी जुनी पंगत न मोडता त्याच भोजनगृहाचा काही भाग त्यासाठी वेगळा काढून. नावे प्रत्येकीची निराळी : रॉयल कॅरिबियनचे ‘माय टाइम’, कार्निव्हलचे ‘युअर टाइम’, सेलिब्रिटीचे ‘सिलेक्ट’. अर्थ एकच. रॉयल कॅरिबियनने २०१४ मध्ये ‘क्वांटम ऑफ द सीज’ या नव्या जहाजावर ‘डायनॅमिक डायनिंग’ आणून एका मोठ्या भोजनगृहाऐवजी अनेक लहान रेस्टॉरंटे ठेवली. हा प्रयोग लोकांना रुचला नाही आणि कंपनीने तो गुंडाळला. डिस्नेच्या जहाजांनी १९९८ पासून तिसरीच युक्ती केली. तिथे वेळ आणि शेजारी ठरलेले, पण भोजनगृह दर रात्री बदलते आणि वाढणारे आपल्याबरोबर एका भोजनगृहातून दुसऱ्यात येतात. आपल्याकडे वाढपी पंगतीमागून पंगत वाढतात. तिथे वाढपीच पंगतीच्या मागे जातात.

क्युनार्ड या जुन्या ब्रिटिश कंपनीच्या जहाजांवर मात्र केबिनच्या दर्जावरून भोजनगृह ठरते. महागड्या स्वीटवाल्यांसाठी क्वीन्स ग्रिल आणि प्रिन्सेस ग्रिल, बाकीच्यांसाठी ब्रिटानिया. मराठीत याला पंक्तिप्रपंच म्हणतात. तो शब्द क्युनार्डच्या माहितीपत्रकात अर्थातच नाही.

दोन पद्धतींत खरा फरक घड्याळाचा नाही, वाढणाऱ्याचा आहे, असे या नोंदीच्या लेखकाचे मत आहे. ठरलेल्या टेबलावर पहिल्या रात्री वेटर नाव विचारतो, दुसऱ्या रात्री नावाने हाक मारतो, आणि तिसऱ्या रात्री न मागता बर्फाशिवायचे पाणी ठेवतो. शाकाहारी माणसासाठी ही ओळख चैनीची गोष्ट राहत नाही. पाश्चात्त्य जहाजांवरच्या रोजच्या यादीत शाकाहारी पदार्थ असतात, पण मशरूमचा पास्ता पहिल्या रात्री कौतुकाचा आणि चौथ्या रात्री कंटाळ्याचा होतो. शिवाय सूप कशाच्या पाण्यात शिजले आहे, चीजमध्ये काय आहे, हे प्रत्येक नव्या वेटरला पहिल्यापासून सांगावे लागते. बऱ्याच मोठ्या जहाजांवर हेडवेटर उद्याची मागणी आजच घेतो. ‘उद्या डाळ, भात, एक सुकी भाजी, कांदा-लसूण नको’ असे आज रात्री सांगितले की उद्या ते टेबलावर येते. मुदपाकखान्यांत भारतीय आचारी कमी नाहीत, त्यामुळे हे त्यांना अवघडही नसते. हीच मागणी मोकळ्या पद्धतीतही करता येते. पण उद्या आपण कितीला येणार, कुठे बसणार, हे आपल्यालाच माहीत नसेल तर डाळ कोणत्या टेबलावर जाणार? मोकळ्या वेळेतही ‘आम्हाला कालच्याच वेटरकडे बसवा’ असे दारात सांगता येते आणि तो विभाग रिकामा असेल तर बसवतातही. मात्र त्यासाठी बहुधा रोज त्याच वेळी यावे लागते, म्हणजे मोकळीक कागदावरच उरते.

घरातही सगळ्यांची पाने सारखी नसतात. बडोद्याच्या एकाच मराठी कुटुंबात मासे खाणारे सासरे, अंडेही न चालणाऱ्या सासूबाई आणि बाहेर सगळे चालते म्हणणारी नातवंडे एका टेबलावर येतात. हा हिशेब एकदा सांगून लक्षात ठेवणारा माणूस मिळाला तर सफर सुखाची होते.

टिपचा प्रश्नही यातूनच आला. पूर्वी शेवटच्या रात्री आपल्या वेटरच्या हातात पाकीट द्यायची रीत होती, आणि वेटर रोज बदलू लागल्यावर पाकीट द्यायचे कोणाला हेच कळेना. मोकळ्या पद्धतीमुळे आणि एकूण सोयीमुळे आता टिप रोजच्या बिलात आपोआप लागते : अमेरिकी कंपन्यांत दर माणशी दर रात्री साधारण १६ ते २० डॉलर. चौघांचे कुटुंब सात रात्री म्हटल्यावर ही रक्कम सहज साडेचारशे-साडेपाचशे डॉलरच्या घरात जाते. भाडे पाहून खूश झालेल्यांनी ती आधीच मोजून ठेवावी.

वेळेचा विचार मग उरतो, आणि तो मराठी घराला निराळा लागू पडतो. संध्याकाळी साडेपाच ही आपल्याकडे चहा-चिवड्याची वेळ. त्या वेळी चार पदार्थांचे जेवण समोर आले की माणूस उपचार म्हणून खातो आणि दहाला बुफेकडे वळतो. त्यामुळे ठरलेल्या पद्धतीत बहुतेकांना दुसरी पंगत बरी वाटते. पहिली पंगत लहान मुले असलेल्यांची आणि लवकर झोपणाऱ्या आजी-आजोबांची. बडोद्यात शेजारी जैन असतात, ग्रुपबरोबर तेही येतात, आणि चोविहार पाळणाऱ्यांना सूर्यास्तानंतर काहीच चालत नाही. त्यांच्यासाठी पहिली पंगत सोयीची असे सगळे एजंट सांगतात, पण ते समुद्रावर अवलंबून आहे. सिंगापूरला सूर्य वर्षभर सातच्या आसपास मावळतो, तेव्हा पहिली पंगत बरोबर बसते. दुबईहून डिसेंबरात निघणाऱ्या जहाजावर तो साडेपाचच्या सुमारासच मावळतो. तिथे पहिली पंगतही उशिराची. आणि अलास्कात जूनमध्ये सूर्य रात्री दहापर्यंत असल्याने दुसरी पंगतसुद्धा दिवेलागणीपूर्वी उरकते.

संकष्टीची गोष्ट याच्या उलट. तिथे वाट चंद्राची. बडोद्यात चंद्रोदय साधारण साडेआठ ते दहाच्या दरम्यान होतो, आणि तोवर दोन्ही ठरलेल्या पंगती हातच्या जातात. भूमध्य समुद्रात उन्हाळ्यात सूर्यच नऊला मावळतो, तर चंद्र त्याहून कितीतरी उशिरा. तेव्हा मोकळ्या पद्धतीचे दारही बंद झालेले असते आणि उपास सोडायला रात्री उशिरापर्यंत चालणारा फराळाचा काउंटर किंवा केबिनमध्ये येणारी रूम सर्व्हिस उरते. घरून नेलेल्या पंचांगातली वेळ तिथे कामाची नाही, कारण जहाजाची जागा रोज बदलते. डेकवरून चंद्र दिसतो मात्र झकास. बडोद्यात तो समोरच्या अपार्टमेंटच्या पाण्याच्या टाकीमागून निघतो.

रोज नव्या बंदराला लागणाऱ्या सफरीत मोकळी वेळ उपयोगी पडते. रोम किंवा अथेन्स पाहून बस सातला परत आली तर पहिली पंगत उठलेली असते. आंघोळ करून साडेसातला जेवायला मिळणे ही तेव्हा चैन वाटते. तरी मोकळ्या वेळेचे एक दुखणे आहे : सगळ्यांना एकदमच मोकळे व्हायचे असते. सात ते आठमध्ये दारात रांग लागते. दोघांना पटकन टेबल मिळते. बाराजणांच्या कुटुंबाला एकत्र बसायचे तर थांबावे लागते, किंवा सहा-सहाच्या दोन टेबलांवर विभागून बसावे लागते. काही जहाजांवर ॲपवरून वेळ आधी नोंदवता येते. ती रोजची नोंदवून ठेवली की मोकळी पद्धत पुन्हा ठरलेली होते, फक्त ठरवणारे आपण असतो.

टेबलावरचे शेजारी हा नशिबाचा भाग. ठरलेल्या पद्धतीत दोघांसाठीची टेबले थोडी असतात. जोडप्याला बहुधा सहा-आठ जणांच्या टेबलावर बसवले जाते. ओळख जमली तर सात रात्री गप्पा होतात, नाही जमली तर सात रात्री हवामान. दुसऱ्या रात्रीच हेडवेटरला सांगून टेबल बदलून घेण्यात संकोच करू नये. त्याच्यासाठी ते रोजचे काम असते. एका रात्री जायचे नसेल तर बुफेत जेवावे, दंड नाही, मात्र शेजाऱ्यांना आदल्या रात्री सांगावे. आपल्याकडे पंगतीत एक पान रिकामे राहिले की सगळे थांबतात. तिथेही वेटर थांबतो.

दोन-तीन केबिनमधून जाणाऱ्या कुटुंबांची सर्वांत मोठी फसगत बुकिंग नंबरांची होते. प्रत्येक केबिनचा नंबर वेगळा असतो आणि ते एकमेकांशी जोडून घेतले नाहीत तर एकाच घरातली माणसे वेगवेगळ्या पंगतींत, वेगवेगळ्या टेबलांवर जातात. ‘हे बुकिंग लिंक करा’ असे एजंटला स्पष्ट सांगावे आणि एकाने अर्ली, दुसऱ्याने एनीटाइम असे घेऊ नये.

मुंबईहून निघणाऱ्या छोट्या सफरींमुळे हा विषय बडोद्यात घरगुती झाला. २०२१ पासून कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज मुंबईहून गोवा, लक्षद्वीपकडे जाऊ लागले. ते १९९० मध्ये बांधलेले आणि पूर्वी रॉयल कॅरिबियनकडे असलेले. दोन-तीन रात्रींच्या अशा सफरीत वेटरशी ओळख होईपर्यंत उतरायची वेळ येते, त्यामुळे तिथे मोकळी वेळ किंवा सरळ बुफे घ्यावा. सात रात्री किंवा त्याहून अधिक, घरात दोन तरी कडक शाकाहारी, आणि मंडळी सहापेक्षा जास्त असतील, तर ठरलेली दुसरी पंगत घ्यावी. ती भरली असेल तर प्रतीक्षायादीत नाव लावून तात्पुरते काहीही चालवावे, कारण जहाजावर चढल्या दुपारी बऱ्याच जागा हलतात. बडोद्याहून सकाळच्या गाडीने मुंबईला उतरून दुपारी जहाजात शिरलेली मंडळी सहसा आधी बुफेकडे धावतात. त्या वेळी भोजनगृहाच्या दाराशी हेडवेटर टेबलांचा नकाशा मांडून बसलेला असतो, आणि त्याच्यापुढची रांग तासाभरात वाढते.