न्यूमोनियानंतर छातीत पू झाला तर

न्यूमोनियाला चांगली अँटिबायोटिक चालू आहे, पण तीन-चार दिवस झाले तरी ताप हटत नाही आणि श्वास घेतला की एका कुशीत दुखतं, असं झालं की डॉक्टर छातीची सोनोग्राफी सांगतात. कधीकधी फुफ्फुसाच्या आवरणाच्या दोन पदरांमध्ये पाणी सापडतं. साधं पाणी बऱ्याचदा आपोआप जिरतं, पण त्यात बॅक्टेरिया शिरले की पू होतो, हा एम्पायेमा. सुईने थोडं पाणी काढून तपासतात, पीएच (पाणी किती आंबट, म्हणजे आम्लधर्मी, झालंय त्याचं माप; आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) 7.2 च्या खाली असेल किंवा सरळ पूच आला तर छातीत नळी टाकायची, नुसती इंजेक्शनं बदलत बसून काही होत नाही.

आता पू काढायचाय तर छाती उघडून मोकळा का नाही करत? तेच केलं होतं अमेरिकन आर्मीने. 1918 च्या सुमारास गोवर, फ्लू झालेल्या जवानांना स्ट्रेप्टोकोकसचा न्यूमोनिया व्हायचा, सर्जन घाईघाईने बरगडी कापून पू काढायचे आणि 30 टक्क्यांच्या आसपास पोरं दगावायची. एव्हर्ट्स ग्रॅहम या सर्जनने आणि त्याच्या सोबतच्या मंडळींनी शोधलं की छाती उघडली की बाहेरची हवा आत घुसते आणि फुफ्फुस मिटतं. मग आधी हवा आत न जाऊ देता पू काढायचा, ऑपरेशन नंतर, असं ठरलं आणि व्हर्जिनियातल्या कॅम्प लीमध्ये मृत्यू 5 टक्क्यांच्या खाली आले, तेही अँटिबायोटिक नसताना!

बेडखालच्या बाटलीत छातीतल्या नळीचं दुसरं टोक पाण्यात बुडवलेलं असतं ते याचसाठी, बाहेरची हवा आत जाऊ नये म्हणून. श्वासाबरोबर पाणी वरखाली होतं, ते चांगलं लक्षण. बाटली उचलून गादीवर ठेवू नका (नातेवाईक हमखास ठेवतात), आतलं उलटं छातीत जाईल. बुडबुडे दिवसेंदिवस थांबतच नसतील तर फुफ्फुसालाच भोक पडलेलं असू शकतं, ते क्वचित होतं पण फार चिवट दुखणं.

पू घट्ट होऊन कप्पे पडले तर नळी तुंबते. 2011 च्या एका मोठ्या ट्रायलमध्ये गुठळी विरघळवणारं टीपीए आणि मेलेल्या पेशींचा डीएनए तोडणारं डीएनेज दोन्ही नळीतून दिल्यावर फायदा दिसला, एकेकट्याने नाही. तरीही नाहीच जमलं तर दुर्बिणीतून ऑपरेशन, आणि फारच उशीर झाला तर फुफ्फुसावर जमलेली जाड साल सोलून काढावी लागते.

लहान मुलांचं मात्र सहसा छान भरून येतं, फक्त एक्स-रे पूर्ण क्लिअर व्हायला तीन ते सहा महिने लागू शकतात, तेव्हा पोर खेळतंय-खातंय तर दर आठवड्याला फोटो काढायचा हट्ट धरू नका.